नखभर लोखंड

आपल्या भाषेने नखाला फारसा मान दिलेला नाही, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे काय? एखाद्याला कमी लेखायचे असले की 'त्याच्या नखाचीही सर नाही' असे आपण म्हणतो. थोडेसे काही सांगायचे तर 'नखभर' म्हणतो. जवळच्या माणसाने केलेल्या घाताला 'गळ्याला नख लावणे' हे नाव देतो आणि नखाने होणाऱ्या कामाला कुऱ्हाड कशाला, असे बजावतो. 'नखशिखांत' या एका शब्दात तेवढे नखाला शिखेच्या पंक्तीस बसायला मिळाले आहे. 'नखरा' हा शब्द नखापासूनच निघाला असावा असे ऐकताना वाटते. पण तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचे कूळ निराळे आहे. तरीही मुलीबाळींची रंगवलेली नखे पाहून घरची वडीलधारी माणसे हाच शब्द उच्चारीत आली. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांचे सोयरे होऊन बसले आहेत, आणि व्युत्पत्तिशास्त्राला तेथे कोणी विचारीत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण दिवसाचे काम आटोपून, स्वयंपाकघरातील आवराआवर संपवून ही पुस्तिका उघडत असतील. तुमच्या हातांना कष्टांची ओळख आहे. म्हणूनच नखांवर लावायच्या एका रंगाविषयी लिहिताना मला संकोच वाटत नाही. ज्यांचे हात रिकामे असतात त्यांना नखांचे काही वाटेनासे होते. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात, पिठात, मातीत किंवा खडूत असतात त्यांनाच नख म्हणजे काय हे कळते.

माझ्या भाचीने मला अमरावतीत एक शिशी आणून दिली. नेलपॉलिशचीच शिशी, रंग गडद निळा, जवळजवळ काळा. मात्र तिच्याबरोबर करंगळीएवढी चुंबकाची एक कांडी होती. असे चुंबकी नेलपॉलिश २०११-१२ च्या सुमारास जगभरच्या बाजारांत आले. त्या वेळी चुंबक शिशीच्या टोपणातच बसवलेले असे. पुढे ते वेगळे मिळू लागले. या रंगात लोहयुक्त द्रव्याचे अतिसूक्ष्म कण कालवलेले असतात. रंग ओला असताना नखाजवळ चुंबक धरले की ते कण आपली जागा आणि दिशा बदलतात. काही कण आडवे निजतात व उजेड परतवतात. काही उभे राहतात, त्यांची कडच काय ती आपल्याकडे येते आणि तेथे काळोख दिसतो. नखाच्या मधोमध एक उजळ पट्टी उमटते. हात हलवला की ती पट्टीही सरकते. इंग्रजी नावात तिला मांजराच्या डोळ्याची उपमा दिली आहे. आपल्या सराफांकडे त्यासाठी 'लसण्या' हा शब्द पिढ्यान्पिढ्या आहे. नवरत्नांतील त्या खड्यात एकाच दिशेने पसरलेले बारीक तंतू असतात आणि त्यांच्यावरून उजेड अशीच रेघ ओढतो. रेशमाच्या रिळावर दिसणारी सरकती चमक हीच.

कृती सोपी असली तरी ती वेळेची आहे. आधी एक पातळ थर द्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा. मग दुसरा, थोडा जाड थर. पण एका वेळी एकाच नखावर. ब्रश बाजूला ठेवताच चुंबक नखापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणावे, दहा-पंधरा सेकंद तेथेच धरावे, आणि टेकू मात्र देऊ नये. पाचही बोटे रंगवून मग चुंबकाकडे वळलात तर पहिल्या बोटावरचा रंग बसून गेलेला असतो व त्यातले कण जागीच अडकलेले असतात. रंग वाळतो म्हणजे त्यातील इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखी द्रावके उडून जातात. आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात द्रावकाला उडून जाण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिकडच्या थंड देशांतल्या सूचनापत्रकात दिलेली सवड आपल्याला मिळत नाही. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी ओढलेली, आणि हातात चुंबक, अशी ती साधना आहे.

चुंबकाला संस्कृतात 'अयस्कांत' असाही शब्द आहे. अयस् म्हणजे लोखंड आणि कांत म्हणजे प्रियकर. लोखंडाचा तो प्रियकर. 'चुंबक' शब्दही 'चुंब्' या धातूपासूनच आलेला. कालिदासाने 'कुमारसंभवा'त शिवाचे संयमाने स्थिर झालेले मन उमेच्या रूपाने ओढून घ्यावे, यासाठी अयस्कांत आणि लोखंड यांचीच उपमा योजली आहे. लोहाच्या कणाला मन असते असे कोणी म्हणणार नाही. परंतु निळ्या थेंबातले ते कण चुंबक जवळ येताच कसे सावध होतात हे पाहिले, म्हणजे आपल्या पूर्वजांनी या दगडाचे नाव ठेवताना शास्त्राच्या आधी शृंगाराकडे का पाहिले, ते ध्यानात येते.

शाळेत तुम्ही कागदावर लोहकीस पसरून खाली चुंबक धरल्याचे आठवत असेल. कागदाला टिचकी मारली की किसाच्या कमानी उभ्या राहत आणि कागद उचलला की मोडत. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने या कमानींना बलरेषा मानले, आणि त्या मोडू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या कागदावर चिकटवून ठेवण्याचीही तजवीज केली. त्याचे ते कागद आजही जपलेले आहेत. भाचीच्या शिशीत मला नवे असे काही दिसले नाही ते यामुळे. डिंकाच्या जागी रंग आला आहे आणि कागदाच्या जागी नख, एवढेच.

पण याहून जुनी गोष्ट आपल्या पायांखाली आहे. लहानपणी आम्ही मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधले चुंबक सुतळीला बांधून नाल्याच्या वाळूतून ओढत असू. त्याला काळी लव येई. ती लव बोटांनी काढून काडेपेटीत साठवायची, हा उन्हाळ्याच्या सुट्टीतला उद्योग. ती लव म्हणजे दख्खनच्या काळ्या खडकातून झिजून आलेले मॅग्नेटाइटचे कण होत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. पूर्णेच्या खोऱ्यात तो खडक गाळाखाली खोल गेला आहे. पातूरच्या डोंगरांत आणि वर चिखलदऱ्याला तो उघडा दिसतो. लाव्हा निवताना एका ठरावीक तापमानाखाली उतरला, की त्यातील लोहखनिज त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवते. येथे एक भेद लक्षात घ्या: खडकात कण हलत नाहीत, त्यांच्यातले चुंबकत्व दिशा घेते; नखावर मात्र कणच हलतात. तथापि दोन्हीकडे मुदत तीच, पदार्थ बसून जाईपर्यंतची. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी दख्खनच्या खडकांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील दिशा आजच्या पृथ्वीशी जुळेना. हा लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आणि त्यातील बराचसा लाव्हा तर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना निवाला. जमीन उत्तरेकडे चालत आली. खडकाने मात्र निवण्याच्या वेळेची खूण सोडली नाही.

शिशीत आणखी एक वऱ्हाडी ऐवज आहे. रंग वाळल्यावर नखावर जो कठीण, चकचकीत पापुद्रा राहतो तो नायट्रोसेल्युलोजचा. कापसाचे सेल्युलोज नायट्रिक आम्लाच्या साहाय्याने बदलून हा पदार्थ तयार होतो. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जो आखूड तंतू चिकटून राहतो, तो त्यासाठी विशेष उपयोगी पडतो. याच पदार्थाच्या एका रूपाने एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या दारूची जागा घेतली आणि दुसऱ्या रूपाने पुढे चित्रपटाची फीत झाली. माझ्या हातातल्या शिशीतला कापूस आपल्याच शिवारातला होता असे मी म्हणत नाही. तशी खात्री कोणी देणार नाही. पण ज्या मुलखाला 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हटले गेले, जो मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात जाताना त्यांची नजर त्याच्या कापसावरही होती, तेथील बाईला नखावरच्या रंगात कापूस आहे हे कोणीतरी सांगायला हवे, असे मला वाटले.

ती बाई म्हणजे माझी आई. अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात तिचे तारुण्य पऱ्हाटीत गेले. कापूस मऊ असतो हे पुस्तकात वाचलेल्यांचे मत. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना विचारा. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांच्या मुळाशी टोचतात, कातडी सोलते आणि थंडीत तेथे भेगा पडतात. आईच्या उजव्या हाताच्या दोन नखांवर अजून उभ्या रेघा आहेत. त्या बोटांना रंग लागे तो मेंदीचा, तोही कोणाच्या लग्नात किंवा नागपंचमीला. मेंदी ती हौसेने लावी, बोटांची टोके पुरती बुडवून, नखांसकट.

आता मेंदीचे एक वैशिष्ट्य तुम्हांला ठाऊकच आहे. तळहातावरची मेंदी दोन आठवड्यांत फिकटते, कारण कातडी झडते. नखावरची जात नाही. मेंदीतील रंगद्रव्य नखातल्या केराटिनशी बांधले जाते. ते ना साबणाने निघते, ना कोणत्या द्रावकाने. नख वाढेल तसे ते पुढे सरकते. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकाला पोहोचायला त्याला सहा महिने लागतात.

त्या वर्षी माघात आमच्या घरातले एक लग्न झाले आणि चैत्रात वडील गेले. बाकीच्या गोष्टी एका दिवसात उरकल्या गेल्या. बांगड्या, कुंकू, गळ्यातले, पायातली जोडवी, सगळे. ते कोणी केले, कसे केले, हे सांगत बसत नाही. तुमच्या घरात किंवा गल्लीत तुम्ही ते पाहिले असेल. राहिली ती नखांवरची मेंदी. दहाव्याला आलेल्या बायकांतल्या एकीने हळूच विचारलेही, की हा रंग निघत नाही काय. आईने हात पदराखाली घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस ती पदराखाली हात घेऊनच बसे. नखांच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर दिसू लागली, मग ती रुंद झाली. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ असा तो केशरी रंग वर वर सरकत राहिला. श्रावणात एका सकाळी तिने अखेरची केशरी कड कापली आणि नखांचे तुकडे कागदात गुंडाळून तुळशीत नव्हे, उकिरड्यावर टाकले. मी अमरावतीहून आलेली होते. 'झालं,' एवढेच ती म्हणाली.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. हे मोठे काम झाले, याविषयी मला शंका नाही. पण ठराव बांगडी फोडणारा हात धरू शकतो. हात पदराखाली घेण्याची सवय त्याच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

आणि येथेच मला या शिशीचे नवल वाटू लागले. सौभाग्यालंकारांच्या यादीत नेलपॉलिशला स्थान नाही. ती यादी तयार झाली तेव्हा हा पदार्थ अस्तित्वातच नव्हता. जे दिलेच नाही ते काढून घेणार कसे? शास्त्राने, रूढीने, मोठ्या जावेने, कोणीच त्याविषयी नियम केलेला नाही. नियम नाही म्हणून मुभा आहे असे मात्र आपल्या बायकांना सहसा वाटत नाही. आईच्या शेजारी एक वृद्ध मुस्लिम बाई राहतात. आईचे आणि त्यांचे चाळीस वर्षांचे येणे-जाणे आहे. त्यांची नखे बारा महिने मेंदीने रंगलेली असतात. नेलपॉलिश मात्र त्या लावत नाहीत, कारण त्या पापुद्र्याखाली पाणी जात नाही आणि मग नमाजाआधीचा वजू पुरा होत नाही. मेंदी पाणी अडवीत नाही. एका भिंतीच्या अलीकडे एक रंग चालत नाही, पलीकडे दुसरा. दोघी त्या भिंतीवरून एकमेकींना कढीपत्ता देतात.

मे महिन्यात मी अकोल्याला गेले तेव्हा शिशी पिशवीत होती. अमरावती-अकोला हा रस्ता अलीकडे विक्रमी झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून गिनीज बुकात नोंद झाली. डांबराचा थर निवण्याआधी दाबावा लागतो म्हणून रात्रंदिवस माणसे उभी होती. त्या गुळगुळीत थरावरून बस जात असताना, दुपारच्या उन्हात आई हात पुढे करील की पदराखाली घेईल, याचाच मी विचार करीत होते.

जेवणे झाल्यावर मी कूलर बंद केला.

"काहून व पोरी, कूलर काहून बंद केला? जीव जाईन ना!"

मी तिला कारण सांगितले. शिशी दाखवली, चुंबक तिच्या हाती दिले. तिने ते आधी खिळ्याला लावून पाहिले, मग विळीला. मी माझ्या एका नखावर रंग लावून पट्टी उमटवून दाखवली. तिने माझे बोट धरून इकडेतिकडे वळवले.

"लोखंड हाय म्हनतं, मंग पान्यानं गंजीन नाई काय?"

प्रश्न बिनतोड होता. गंज म्हणजे लोखंडाशी झालेला ऑक्सिजनचा आणि पाण्याचा व्यवहार. रंगाचा पापुद्रा पाण्याला कणांपर्यंत पोहोचू देत नाही, आणि मॅग्नेटाइटसारखे कण तर मुळातच लोखंडाचे ऑक्साइड असतात. त्यात कापूसही आहे, हे सांगितल्यावर मात्र ती हसली. "आपन वेचला तोच?" म्हणाली. मग थोडा वेळ काही बोलली नाही.

"हे पुसाचं झालं तं कसं पुसतीन?"

मी कापसाचा बोळा द्रावकात भिजवून माझ्या नखावरून फिरवला. निळा रंग, पट्टी, लोखंड, सगळे बोळ्यावर आले आणि नख कोरे झाले. तिने ते नख आपल्या अंगठ्याने चोळून पाहिले.

"म्हंजे आपन म्हनलं तवाच निघते?"

"हो. आपण म्हटले की निघते."

तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. एकच. रंग मी लावला. चुंबक तिने धरले, उजव्या हातात, शेवया करताना धरतात तसा श्वास रोखून. त्या उकाड्यात दहा सेकंदही पुष्कळ होते. पट्टी थोडी तिरपी उमटली. मी सरळ करून देते म्हटले तर तिने हात मागे घेतला आणि स्वतःच कूलर लावला.

चार वाजता मोठी काकू आली. आईने तिला चहा दिला, कपबशी डाव्या हातात होती. काकूची नजर करंगळीवर गेली. "हे काय व लावलं?" तिने विचारले. आईने बोट लपवले नाही.

"लोखंड हाय," ती म्हणाली.

काकूला त्यावर काय म्हणावे ते सुचले नसावे. तिने कप खाली ठेवला आणि खात्री करून घेण्यासाठी, तेथेच पडलेले ते चुंबक उचलून आईच्या करंगळीजवळ नेले. वाळलेला रंग अर्थातच हलला नाही. "अजून एक डाव करून दाखव बरं," ती म्हणाली. आणि आईने मला कूलर बंद करायला सांगितले.

शिशी मी अकोल्यालाच ठेवून आले. परवा आईचा फोन होता. उन्हाने रंग घट्ट झाला आहे, त्यात काय घालावे, असे विचारीत होती. पुसायचे द्रावक त्यात घालू नये, त्याने रंग बिघडतो. थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात, आणि लोखंड जड असल्याने ते तळाशी बसते, म्हणून वापरण्याआधी शिशी तळहातांमध्ये धरून घोळवावी, असे मी तिला सांगितले.